खांद्यावरची बैठक

आप्पा शिगवणांचा उजवा खांदा कामातून गेला, तर त्यात सगळ्यांत जास्त फायदा शांताराम शिगवणांचा होता. झोलाईच्या पालखीचा पुढचा दांडा, सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, देवीच्या उजव्या हाताला बसायची जागा, गाऱ्हाण्यात पहिलं नाव आणि मानाचा पहिला नारळ, एवढं सगळं एका चुलतभावाच्या खांद्यावरून उतरून दुसऱ्याच्या पदरात पडणार होतं. म्हणून शिमग्याच्या तोंडावर शांताकाका स्वतः आप्पांना रिक्षात घालून चिपळूणला माझ्या दवाखान्यात घेऊन आले, तेव्हा मी आधी पेशंटकडे बघितलंच नाही. शांताकाकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मयताला आलेल्या माणसाला आपण वारसांत आहोत हे मध्येच आठवावं आणि त्यानं घाईघाईनं तोंड पाडावं, तसा तो चेहरा होता.

"सूनबाई, नीट बघ हां," ते म्हणाले. "काय असंल ते कागदावर लिहून दे."

"औषध देऊ की दाखला?"

"दोन्ही दे. औषध त्याला, दाखला माझ्याकडं."

आप्पा हसले. ते दोघंही नात्यानं माझे चुलतसासरे. लग्न होऊन तळेखोलात गेले तेव्हा हाडांची डॉक्टर सून म्हणजे नेमकं काय, हे गावाला कळत नव्हतं. पहिल्या वर्षी मी तीन मोडके हात आणि गुरवाच्या म्हशीचा एक पाय बघितला आणि 'हाडवाली सून' म्हणून कायमची रुजू झाले.

सुनेसमोर शर्ट काढायला एखादा सासरा लाजला असता. आप्पांनी मी सांगायच्या आत काढला. गावात तर ते थंडीतही सहाणेवर उघड्या अंगानं बसत, आणि तेही लोकांकडे पाठ करून. त्यांच्या उजव्या खांद्यावर, मागच्या फऱ्याच्या हाडाच्या वर, मुठीएवढा खळगा होता. हाडाच्या खालीही मांस आत गेलेलं. डावा खांदा भरलेला आणि उजवा तेवढा कोरून काढल्यासारखा. तळेखोलात त्याला 'बैठक' म्हणत. पालखीचा दांडा पिढ्यान्‌पिढ्या वाहून देवीनं आपल्या बसण्यापुरती खांद्यावर जागा करून घेतली, असा त्याचा अर्थ. आप्पांच्या वडिलांना ती होती, आजोबांनाही होती, आणि शिगवणांत रिवाज पडला होता की ज्याच्या खांद्यावर बैठक, त्याचा पुढचा दांडा. बारशाला बायका पोराचं नाक कुणावर गेलं ते बघतात. शिगवणांच्या बायका खांदा बघायच्या.

मी बैठक पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते, आणि मला ती अजिबात आवडली नाही.

"आप्पा, हात बाजूनं वर घ्या."

त्यांनी आधी अख्खं अंग डावीकडे झुकवलं, हाताला झोका दिला, आणि एकदा तो सुटल्यावर मग झोकात वर नेला. गाडी ढकलून चालू करावी तसं. मग मी त्यांचं कोपर कमरेशी टेकवलं आणि माझा तळवा बाहेरच्या बाजूला ढकलायला सांगितला. एकाच वेळी दोन माणसांच्या वजनाची पालखी नाचवणारा हा गडी. माझ्या दोन बोटांनी त्यांचा हात आत गेला.

"सुनेचा मान ठेवला," आप्पा म्हणाले.

"डाव्या हातानं ठेवा बघू."

डाव्या हातानं त्यांनी मला खुर्चीसकट सरकवलं. शांताकाका दाराशी उभे राहून सगळं टिपत होते.

दुखणं खांद्याच्या मागं, खोल, ठसठसणारं. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. कुणीतरी मानेचं दुखणं म्हणून पट्टा दिला होता, त्यावर आता घरातलं मांजर झोपत होतं. मी कपाटातलं फऱ्याचं हाड काढलं आणि टेबलावर ठेवलं. हे मी कॉलेजात पोरांनाही शिकवलंय, पण त्या दिवसाइतकं मन लावून ऐकणारे दोन विद्यार्थी मला कधी मिळाले नाहीत. एकाला बरं व्हायचं होतं, दुसऱ्याला त्यानं बरं होऊ नये असं वाटत होतं. दोघांचंही काम लक्ष दिल्याशिवाय होणार नव्हतं.

"ही वरची कड बघा. इथं एक खाच आहे. आपल्या वाडीतल्या ओढ्यासारखी, पऱ्ह्यासारखी. आणि पऱ्ह्यावर जसा साकव टाकतो, तशी या खाचेवर एक आडवी पट्टी असते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घट्ट बांधलेली. रक्ताची नळी साकवावरून जाते. नस जाते साकवाखालून. मानेतून निघालेली ही नस खाली उतरून खांद्याच्या मागच्या दोन स्नायूंना चालवते. एक हात उचलायला सुरुवात करून देतो, दुसरा हात बाहेर फिरवतो."

"आणि साकव खाली बसला तर?" आप्पांनी विचारलं. हुशार माणूस.

"तर नस चेंगरते. स्नायूला हुकूम पोचत नाही. हुकूम नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून तो सुकत जातो. कातडीला ही नस जवळजवळ जातच नाही, म्हणून मुंग्या येत नाहीत आणि माणसाला वाटतं, नसेचं काही नाही. तुमच्या खांद्यावर जागा कुणी केलेली नाही, आप्पा. तिथलं मांस मेलंय."

आप्पांनी शर्ट घातला. बटणं लावली नाहीत.

"माझ्या बापाचंही मेलं होतं? आजाचंही?"

"असेल."

"तिघांचंही त्याच खांद्याचं, त्याच जागी." ते उठले. "सूनबाई, तुझं हाड खरं असंल. पण ते दुसऱ्याचं हाय."

ते आप्पांचं व्हावं म्हणून मी सिटी स्कॅन करून घेतला आणि नसेची तपासणी करायला त्यांना कोल्हापूरला धाडलं. दोन्हींत तेच आलं. पट्टी साधारण जाड दोरीसारखी असते. आप्पांची पुरती हाड झाली होती. खाच मुळात अरुंद, तिच्यावर दगडाचा साकव, आणि खाली जेमतेम सुतळी जाईल एवढं भोक. मी सांगितलं की पट्टी कापून नस मोकळी करायची, दुखणं थांबेल, ताकद किती येईल ते सांगता येत नाही कारण उशीर झालाय, आणि यंदा पालखीला हात लावायचा नाही. नाचवताना दांडा उसळला तर झेलायला त्यांचा हात वेळेवर वर जाणार नव्हता. पालखी जमिनीला लागली तर गाव वर्षभर धास्तावून राहतं, आणि मागच्या दांड्याला जो असतो त्याच्या अंगावर ती येते.

"मागं मी असतो," शांताकाका बारीक आवाजात म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या माणसाच्या वहीत फायद्याच्या पानासमोर भीतीचंही एक पान आहे.

आप्पा म्हणाले, शिमगा होऊ दे, मग बघू. त्यांच्या हिशोबात खांदा जाणं परवडत होतं. दांडा जाणं परवडत नव्हतं.

घरी गेल्यावर मी नवऱ्याला शर्ट काढायला लावला. शिगवणच तो. त्याचा काहीतरी भलताच समज झाला आणि खांदे दाबून "भरलेत" एवढं म्हणून मी स्वयंपाकाला लागले तेव्हा तो बराच वेळ रुसून बसला होता.

शिमग्याला आम्ही गावी गेलो. पालखीत देवीची रूपं लागली, त्या चांदीच्या मुखवट्यांना हळदकुंकू झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी घरं घ्यायला, म्हणजे घरोघर फिरायला, निघणार त्याच्या आदल्या संध्याकाळी देवळासमोर गावकी बसली. शांताकाकांनी विषय काढला. दादाच्या खांद्याला आजार आहे, डॉक्टरनं पालखी नको म्हटलंय, डॉक्टर दुसऱ्या कुणाची नाही, आपलीच सून आहे. मला बायकांतून पुढं बोलावलं. मी उभी राहून जे होतं ते सांगितलं. साकव, पऱ्ह्या, नस, सगळं.

गावकर म्हणजे गावकीचा प्रमुख. म्हातारा तंबाखू मळत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "तुझी विद्या मोठी, पोरी. एवढंच सांग. तीन पिढ्या हे दुखणं पुढच्या दांड्यालाच कसं होतं? नस काय मानकरी बघून चेंगरते?"

लोक हसले. मी सांगितलं की एखाद्या घराण्यात खाच जन्मतःच अरुंद असते आणि पट्टीचं हाड होतं, ते पालखीमुळे होत नाही.

"म्हणजे देवीनं घरच निवडून ठेवलंय," गावकर म्हणाला. "आम्ही दुसरं काय म्हणतो?"

बैठक ज्यांना होती त्या तिघांनीही जन्मभर दांडाच वाहिला होता. दांड्यानं खळगा पडला की खळगा पडायचाच होता आणि हातात दांडा आला, हे कशावरून ठरवणार?

मग आप्पा उठले. शांत होते. त्यांनी रिवाज सांगितला आणि म्हणाले, "शांताराम, दांडा पाहिजे ना? घे. बैठक दाखव."

हे काम वाईट झालं. कारण शांताकाकांनी बैठक तयार करायचा प्रयत्न केला होता, हे निम्म्या वाडीला त्यांच्या बायकोकडून कळलेलं होतं. गेली काही वर्षं ते खांद्यावर मुसळ बांधून गवताचे भारे वाहत होते. चार लोक ओरडले, काढा शर्ट, आणि शांताकाकांनी तिरमिरीत काढला. खड्डा पाडायला गेलेल्या जागी लिंबाएवढं टेंगूळ आलेलं होतं. देवळासमोर असं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. आप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी भावाचा शर्ट जमिनीवरून उचलला, झटकला आणि त्याच्या हातात दिला. डाव्या हातानं.

पुढचा दांडा आप्पांचाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर काकींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, मला माजघरात बोलावलं आणि दाराला कडी घातली. काकी बोलायला काटकसरी. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या लेकीला, रसिकाला, नुसतं "काढ" म्हटलं.

रसिका पोलीस भरतीची तयारी करणारी, सडसडीत, खोडकर पोरगी. बघावं तेव्हा दोन्ही खांद्यांवरून ओढणी घट्ट घेतलेली असायची. गावात तिचं त्यावरून फार कौतुक व्हायचं, किती मर्यादशील म्हणून. तिनं ओढणी काढली, माझ्याकडे पाठ केली आणि कुर्त्याचा गळा मागून खाली ओढला.

उजव्या खांद्यावर बैठक होती.

आप्पांएवढी खोल नव्हती. पण जागा तीच, आकार तोच. मी तिचं कोपर कमरेशी टेकवून तळवा ढकलायला सांगितला. एका बोटानं हात आत आला.

"गोळाफेकीत नापास झाले ती यामुळंच काय गं वहिनी?" ती म्हणाली. "बाकीच्या पोरी गोळा टाकतात. माझा आपला पायाशी ठेवल्यासारखा पडतो. सर म्हणाले, देवाला वाहतेस काय?"

"कधीपासून आहे हे?"

उत्तर काकींनी दिलं. मागच्या दिवाळीत अभ्यंगाला तेल लावताना दिसलं, आणि तेव्हापासून ओढणी. पोरीच्या अंगावर पालखीची खूण आहे हे बाहेर पडलं, तर लग्नाला कोण उभं राहील? देवीची म्हणतील, आणि देवीची म्हटलेली पोर कुणी घरात नेत नाही. इतका हिशोब त्यांनी एकटीनं मांडला होता आणि एकटीनं गप्प बसून सांभाळला होता. आदल्या संध्याकाळी देवळासमोर मला ऐकल्यावर मात्र त्यांना झोप लागली नाही.

"भरून येईल काय हे?"

"आत्ता नस मोकळी केली तर येईल. अजून काही वर्षं गेली तर आप्पांसारखं होईल."

"कापायचं?" काकी म्हणाल्या. "त्यांना कोण सांगणार? जन्मभर त्या खळग्याला नमस्कार करत आलाय तो माणूस. पोरीच्या अंगावरची बैठक कापू देईल?"

मी म्हटलं, मी सांगते. रसिका म्हणाली, "तुझं काल ऐकलं की सगळ्यांनी. मीच सांगते."

बाहेर ढोल घुमायला लागला होता. आप्पा दांड्याखाली घ्यायचं फडकं न्यायला घरात आले. पांढरं धोतर, कमरेला शेला, वर उघडं अंग. त्यांनी माजघराचं दार वाजवलं, काकींनी कडी काढली, आणि रसिका तशीच पाठ करून उभी राहिली.

"आप्पा, बैठक ज्याच्या खांद्यावर, त्याचा दांडा. तुम्हीच म्हणालात ना काल?"

"व्हय."

"मग आजचा पुढचा दांडा माझा."

त्यांना आधी दिसलंच नाही. मग दिसलं. ते पुढं आले आणि डाव्या हाताची बोटं तिच्या खांद्यावरच्या खळग्यात टेकवली. स्वतःच्या खांद्यावर रोज आंघोळीला जशी फिरवत असतील, तशीच ती फिरली.

"तू कधी खांद्यावर घेतलीस पालखी?" त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी मनापासून होता.

"बायकांना शिवू तरी देता का?"

"लहानपणी, खेळात?"

"नाय आप्पा. कधीच नाय."

आप्पा माझ्याकडे वळले. गावकरानं विचारलेला प्रश्न त्यांच्या तोंडावर आला होता आणि त्याचं उत्तर समोर पाठमोरं उभं होतं. ज्या खांद्याला दांडा कधी लागलाच नाही, त्यावर हा खळगा कुणी पाडला?

"तिथं साकव आहे?" त्यांनी मला विचारलं.

"बहुतेक तुमच्यासारखाच."

"माझ्याकडून गेला."

"घराण्यातून गेला. तुमच्याकडेही कुणाकडून तरी आलाच की."

ढोलकऱ्यानं दोनदा ताल बदलला. देवीनं निवडलेलं म्हणावं, तर पालखी पोरीच्या खांद्यावर द्यावी लागत होती आणि तिचा हात गेला तरी तोंडातून ब्र काढता येत नव्हता. आजार म्हणावा, तर बाप आणि आजा दोघांचा मान त्याच वाक्यात खाली उतरत होता. तिसरा रस्ता नव्हता. काकी त्यांच्याकडे बघत होत्या. जन्मभर वाचवलेले शब्द त्यांनी तेव्हाही खर्चले नाहीत.

"ओढणी घे," आप्पा रसिकाला म्हणाले. मग थांबून म्हणाले, "नको. राहू दे."

सहाणेवर सगळा गाव जमला होता. आप्पा पालखीपाशी गेले, देवीला हात जोडले आणि फडकं शांताकाकांच्या खांद्यावर टाकलं. शांताकाकांना वाटलं, कालच्यासारखी पुन्हा थट्टा. ते मागं सरले.

"घे. तुझा दांडा," आप्पा म्हणाले आणि गावाकडे वळले. आवाज गाऱ्हाण्याचा, लांबवर जाणारा. "माझ्या खांद्यावर हाय ती बैठक नाय. दुखणं हाय. माझ्या बापाला होतं, आजाला होतं. आता माझ्या पोरीला झालंय, आणि तिनं पालखीला कधी बोट लावलं नाय. सूनबाई काल बोलली ते खरं. आम्ही तिघांनी मिरवलं ते चुकलं. देवीनं पदरात घ्यावं."

गावकराच्या तळहातावर तंबाखू तशीच राहिली. मग शांताकाका खाली वाकले, आप्पांच्या पायाला हात लावला आणि दांड्याखाली गेले.

त्यांनी पालखी चांगली नाचवली, हे मान्य करायला हवं. लिंबाएवढ्या टेंगळावर दांडा बसला की ते ओठ चावत होते, पण एकदाही खाली आली नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. दोघांची ऑपरेशनं मी आणि माझ्या सरांनी मिळून केली. रसिकाची पट्टी निम्मी हाड झाली होती. ती कापली तेव्हा खालची नस चपटी, करडी दिसत होती, आणि मोकळी झाल्यावरही लगेच काही घडलं नाही. मांस सावकाश भरलं. आज ती रत्नागिरीत पोलिसात आहे आणि तिच्या खांद्यावर फक्त एक व्रण आहे, पट्टीनं आखल्यासारखा. लग्नही झालं. नवऱ्यानं व्रणाबद्दल विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, गोळी लागली होती. त्यानं बरेच दिवस खरं मानलं होतं म्हणे.

शांताकाकांना पुढचा दांडा एकच वर्ष मिळाला. त्यांच्या हिशोबात एक चूक राहून गेली होती. बैठक देवीची नाही असं एकदा ठरल्यावर दांडा शिगवणांचाच का, हा प्रश्न पुढच्या गावकीत कुणीतरी विचारणारच होतं. गावकरानंच विचारला. तेव्हापासून पुढचा दांडा वाड्यावाड्यांतून पाळीनं फिरतो, ज्याचा खांदा धड त्याचा. शांताकाका सहाणेवर बसतात आणि पोरांच्या पावलांतल्या चुका काढतात. टेंगूळही बसलं.

म्हणजे पोरीला हात मिळाला, काकींना जावई मिळाला, गावाला दांडा मिळाला, शांताकाकांना एक वर्ष मिळालं. मला तळेखोलात हाडवाली सून म्हणणं बंद झालं आणि लोक नुसतं डॉक्टर म्हणायला लागले, त्याचं मला थोडं वाईटच वाटतं.

आप्पांचं दुखणं थांबलं, पण खळगा भरला नाही. उशीर झाला होता, हे मी आधीच सांगितलं होतं. मागच्या शिमग्याला ते सहाणेच्या कडेला बसले होते. फाल्गुनातलं ऊन, अंगाला चटके बसत होते, निम्मे पुरुष उघडे. पालखी त्यांच्यासमोर आली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं नारळ पुढं केला, नमस्कार केला आणि पालखी पुढं गेल्यावर जागेवर बसले. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट होता आणि त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.